शिष्यवृत्तीचे ऋण : विद्यार्थी भीमराव ते विद्यादाते बाबासाहेब

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या वसतिगृहातील प्रत्येक मुलाला तोंडपाठ असते. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुण्याचा करार, घटना समिती आणि नागपूरची दीक्षाभूमी हे त्या चरित्रातील टप्पे आपण दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला श्रद्धेने सांगतो व ऐकतो. प्रस्तुत लेखात त्याच जीवनाचा एक निराळा धागा हाती घ्यावयाचा आहे. बाबासाहेब हे दुसऱ्यांनी दिलेल्या पैशावर शिकलेले विद्यार्थी होते. तो पैसा कोणी दिला, कोणत्या अटीवर दिला, तो कोठे अपुरा पडला आणि ज्याला तो मिळाला त्याने पुढे त्याचे काय केले, एवढेच येथे पाहावयाचे आहे. दात्यांच्या अन्नावर आणि दात्यांनी उभारलेल्या छपराखाली शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हा धागा परका वाटणार नाही.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी नोकरीतून निवृत्त झालेले. पेन्शन तुटपुंजी आणि मुलाची ग्रंथांची भूक मोठी. मुंबईस परळच्या चाळीतील एका खोलीत हे कुटुंब राहत असे. भीमरावांना एखादे पुस्तक हवे झाले आणि घरात पैसा नसला, की रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात. मुलीपाशी रोकड नसली तर ती अंगावरचा दागिना काढून देई. तो सावकाराकडे गहाण पडे, पुस्तक घरी येई आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून मुलीला परत केला जाई. विद्यापीठांच्या दात्यांच्या नामावळीत या बहिणींची नावे कोठेही कोरलेली नाहीत. परंतु बाबासाहेबांच्या शिक्षणाला हातभार लावणाऱ्यांची गणना करावयाची तर आरंभ त्यांच्यापासूनच केला पाहिजे.

भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, त्या वेळी त्यांचा सत्कार घडवून आणण्यात आला. त्या प्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुस्कर या शिक्षक-लेखकाने स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला दिलेले हे पुस्तक किती दूर पोहोचले, हे सांगावयास आपण सर्व दीक्षित कुटुंबांतील मुले येथे उपस्थित आहोत. केळुस्कर गुरुजींचे उपकार येथेच संपले नाहीत. एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंटरपर्यंत शिक्षण झाल्यावर रामजींची ऐपत संपली, तेव्हा गुरुजींनी या तरुणास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या भेटीस नेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. महाविद्यालयातील प्राध्यापक म्युलर यांनी वाचावयास पुस्तके आणि अंगावर घालावयास कपडे दिले. अशा अनेक हातांच्या आधाराने भीमराव बी. ए. झाले.

सयाजीरावांचे मूळ आपल्या खानदेशच्या शिवेला लागून आहे. धुळ्याहून नाशिककडे जाताना मालेगाव तालुका लागतो. त्या तालुक्यातील कवळाणे या गावी १८६३ मध्ये एका शेतकरी गायकवाड घराण्यात त्यांचा जन्म झाला. बारा वर्षांचे असताना, १८७५ मध्ये, ते बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले. तोवर अक्षरओळख नसलेला हा मुलगा राजवाड्यात आल्यावर शिकला आणि पुढे त्याने आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. स्वतःला शिक्षण उशिरा आणि दैवयोगाने मिळाले, याची जाणीव त्यांच्या दातृत्वामागे असावी.

वडिलांचे २ फेब्रुवारी १९१३ रोजी निधन झाले. त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांस उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले आणि त्यांत भीमरावांची निवड केली. ४ जून १९१३ रोजी करारपत्रावर सह्या झाल्या. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षण पुरे झाल्यावर बडोदा संस्थानाची दहा वर्षे नोकरी, अशा त्याच्या अटी होत्या. ही दया नव्हती, हा दोन्ही बाजूंनी पाळावयाचा करार होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. या कराराचा शेवट कसा झाला ते पुढे येईलच.

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. येथे क्षणभर थांबून ते ज्या वास्तूंत शिकले त्यांच्याकडे पाहू. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यावरील राजाबाई मनोरा हे प्रेमचंद रायचंद यांच्या चार लाख रुपयांच्या देणगीतून उभे राहिले होते. मनोऱ्याला त्यांनी आपल्या आईचे नाव दिले. त्याच आवारातील पदवीदान सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर यांनी धन दिले होते. कोलंबियाचे भव्य ग्रंथालय त्या विद्यापीठाचे अध्यक्ष सेथ लो यांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ स्वतःच्या दहा लाख डॉलरांतून बांधले होते. एकाने आईच्या नावाने आणि दुसऱ्याने वडिलांच्या नावाने पुस्तकांसाठी घर बांधले. रायचंदांनी आणि लो यांनी भीमरावांचे नाव कधी ऐकलेही नव्हते. विद्यापीठाला दिलेल्या देणगीचा हाच धर्म आहे. दाता पुढे येणाऱ्याला ओळखत नाही. त्यामुळे त्याला निवडताही येत नाही आणि वगळताही येत नाही.

कोलंबियात भीमरावांनी वेळ आणि पैसा यांचा हिशेब एकाच काटेकोरपणे ठेवला. साडेअकरा पौंडांतून जेवण, कपडे आणि पुस्तके भागवून ते मुंबईस रमाबाईंनाही पैसे पाठवीत. ग्रंथालयाचे दार उघडण्यापासून ते बंद होईपर्यंत वाचन चाले. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्याच वर्षी त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंधही मान्य झाला. पुढे ते लंडनला गेले आणि ग्रेज इन येथे कायद्याच्या व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी त्यांनी नाव नोंदविले.

लंडनच्या या संस्थेचा जन्म तर एका मृत्युपत्रातून झालेला आहे. डर्बी येथील वकील हेन्री हंट हचिन्सन १८९४ मध्ये वारले. समाजसुधारणेच्या कार्यासाठी सुमारे २० हजार पौंड खर्चावेत, अशी व्यवस्था त्यांनी आपल्या मृत्युपत्रात करून ठेवली होती. त्या द्रव्याचे विश्वस्त असलेल्या सिडनी वेब व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९५ मध्ये अर्थशास्त्राचे हे विद्यालय स्थापिले. हयात नसलेल्या एका वकिलाची ही ठेव पंचवीस वर्षांनी हिंदुस्थानातील एका अस्पृश्य विद्यार्थ्याच्या उपयोगी पडली. मृत्युपत्राने दिलेले दान कोणत्या काळी कोणाच्या हाती जाईल, याचे याहून समर्पक उदाहरण सापडणे कठीण.

परंतु १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट टाकून भीमरावांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत मात्र लंडन विद्यापीठाने त्यांना दिली. करार पाळण्यासाठी ते बडोद्यास गेले. दरबारात हुद्द्याची नोकरी होती, परंतु राहावयास जागा नव्हती. महाराजांच्या खजिन्याने त्यांना सातासमुद्रापलीकडे पाठविले होते आणि महाराजांच्याच राजधानीत एकही दार त्यांच्यासाठी उघडत नव्हते. कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून फेकीत. नाइलाजाने ते पारशी नाव सांगून एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला एक जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडण्यास फर्मावले गेले. त्या दिवशी कित्येक तास ते शहरातील कामाठीबागेत बसून होते. रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले.

या प्रसंगाचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. महाराजांचे दान खोटे नव्हते आणि भीमरावांची कृतज्ञताही खोटी नव्हती. तरीही दान हरले. दात्याचे मन मोठे असले तरी त्याच्या भोवतीचा समाज मोठा होत नाही. एका माणसाच्या औदार्याने विद्यार्थ्याला पदवी मिळते. पदवी घेऊन उभे राहावयास मात्र जमीन लागते, आणि ती एकट्या दात्याच्या हाती नसते. हा धडा बाबासाहेब पुढे कधीही विसरले नाहीत.

अर्धा राहिलेला अभ्यास त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपये वेतनावर अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यातून त्यांनी पैसा साठविला. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी साह्य केले. कोलंबियातील त्यांचे सहाध्यायी नवल भथेना यांनी ५ हजार रुपये कर्जाऊ दिले. भथेना हे पारशी होते. बडोद्याच्या त्या विश्रामगृहाची आठवण ज्याच्या मनात आहे त्याने या मित्राचीही आठवण ठेवली पाहिजे. माणसाला त्याच्या जमातीवरून जोखू नये, हा पाठ बाबासाहेबांच्या चरित्रात असा दोन्ही बाजूंनी येतो.

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले. या वेळी स्वतःची बचत, राजाचे साह्य आणि मित्राचे कर्ज या तिन्हींची मिळून शिदोरी होती आणि ती अपुरीच होती. अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस काढावयाचा आणि रात्री खोलीवर पुन्हा वाचत बसावयाचे, असा क्रम होता. इकडे रमाबाईंनी अपार काटकसरीने संसार चालविला. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी. एस्सी., अशा पदव्या त्यांनी संपादन केल्या. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मायदेशी परतले. विद्यार्थिदशा संपली, परंतु ऋण फेडावयाचे राहिले होते.

ते त्यांनी कसे फेडले, हा चरित्राचा उत्तरार्ध होय. ज्यांच्याकडून घेतले त्यांनाच परत करून शिक्षणाचे ऋण फिटत नाही. ते मागून येणाऱ्याला द्यावे लागते. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सभेच्या पहिल्या कामांत १९२५ च्या आरंभी सोलापूर येथे उघडलेले विद्यार्थी वसतिगृह होते. चळवळीचे पहिले पाऊल वसतिगृहाकडे वळावे, हे सहज घडलेले नाही. खेड्यातून शहरात आलेल्या अस्पृश्य मुलाला शिष्यवृत्ती मिळूनही खोली भाड्याने मिळत नसे. बडोद्यात स्वतः भोगलेला तोच प्रश्न होता. म्हणून विद्यावेतनाच्या आधी छप्पर हवे, हे त्यांनी ओळखले. पुढील काळात त्यांच्या प्रयत्नाने पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे, धारवाड अशा ठिकाणी वसतिगृहे चालली.

याच सुमारास त्यांचा खानदेशशी संबंध आला. अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. समितीच्या दौऱ्यात १९२९ च्या ऑक्टोबर महिन्यात ते धुळ्यास आले. त्या भागातील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता आणि त्याची चौकशीही त्यांना करावयाची होती. धुळ्याची गाडी चाळीसगावहून फुटते. परतताना एक रात्र आपल्याकडे मुक्काम करावा, असा आग्रह चाळीसगावच्या महारवाड्यातील मंडळींनी धरला होता. २३ ऑक्टोबर रोजी ते धुळ्याहून परत आले तेव्हा स्थानकावर मंडळी हार घेऊन उभी होती. वस्ती जेमतेम दोन फर्लांगांवर होती. तरी पाहुण्यांना तासाहून अधिक वेळ ताटकळत बसविण्यात आले. शेवटी एक टांगा आला. थोडे अंतर जाताच एका मोटारीशी टक्कर होता होता राहिली. पुढे नदीवरील फरशीवर चाक अडले, टांगा उसळला आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. घोडा टांग्यासह नदीत पडला. बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले आणि पुढे कित्येक दिवस त्यांना अंथरुणावर काढावे लागले.

कारण मागाहून कळले. एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकावयास तयार नव्हता. बोलाचालीनंतर टांगा भाड्याने देण्याचे ठरले, परंतु हाकणारा तुमचा तुम्ही पाहा, अशी अट पडली. पाहुण्याचा मान राखण्यासाठी वस्तीतील एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. अमेरिकेतील व इंग्लंडमधील पदव्या मिळवून आलेल्या बॅरिस्टरापेक्षा चाळीसगावचा टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजत होता. बडोद्याचा अनुभव बारा वर्षांनी आपल्या जळगाव जिल्ह्यात पुन्हा आला. फरक इतकाच की बडोद्यात ते एकटे बागेत बसून होते आणि येथे त्यांच्यासाठी जिवाचे पायघड्या करणारी माणसे भोवती होती.

स्टार्ट समितीने मार्च १९३० मध्ये अहवाल सादर केला. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या वाढवाव्यात, वसतिगृहे काढावीत, गिरण्या व रेल्वे कारखान्यांत धंदेशिक्षणाची सोय करावी आणि अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी विद्यार्थ्यास परदेशी पाठवावे, अशा शिफारशी तिने केल्या. जे आपल्याला एका महाराजांच्या मर्जीने मिळाले ते इतरांना सरकारच्या नियमाने मिळावे, ही बाबासाहेबांची दृष्टी त्या शिफारशींशी सुसंगत होती. पुढे १९३७ च्या जुलैमध्ये न्यायालयाच्या कामासाठी ते पुन्हा धुळ्यास आले आणि लळिंग किल्ल्याच्या परिसरातील लांडोर बंगल्यात उतरले. दरवर्षी ३१ जुलै रोजी तेथे भरणाऱ्या भीमस्मृती यात्रेस खानदेशातील हजारो स्त्रीपुरुष जातात. आपल्यापैकी अनेकांनी ती वाट आईवडिलांचे बोट धरून चाललेली आहे.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सत्ता हाती येताच त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यापुढे अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन ठेवले. अलिगढ आणि बनारस येथील विद्यापीठांना सरकार दरसाल प्रत्येकी ३ लाख रुपये देते, मग ज्यांचे स्वतःचे विद्यापीठ नाही आणि ज्यांच्यात दानशूर श्रीमंतही नाहीत त्यांच्या उच्च शिक्षणासाठी काहीच का नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी दरसाल ३ लाख रुपयांची तरतूद मंजूर झाली, काही विद्यार्थी परदेशी गेले आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. आज जळगावच्या किंवा धुळ्याच्या महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर आपले माजी विद्यार्थी भारत सरकार शिष्यवृत्तीचा जो अर्ज भरतात, त्याचे मूळ येथे आहे. त्या अर्जावर कोणा महाराजाची सही लागत नाही आणि कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. दानाचे हक्कात रूपांतर झाले, ते असे.

तथापि केवळ सरकारवर विसंबून राहणे त्यांना मान्य नव्हते. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. योगायोग असा की जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही दात्यांची नावे धारण करणारी खानदेशातील दोन महाविद्यालयेही त्याच वर्षी सुरू झाली. बाबासाहेबांनी मात्र आपल्या महाविद्यालयांना ना दात्याचे नाव दिले, ना स्वतःचे. २० जून १९४६ रोजी मुंबईत लष्करी बराकींमध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाचे नाव सिद्धार्थ. दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब तरुणांना शिकता यावे म्हणून त्याचे वर्ग सकाळी भरत. १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू झालेल्या महाविद्यालयास पुढे मिलिंद हे नाव मिळाले. भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारून, शंका फिटल्यावर धम्माला शरण आलेल्या राजाचे ते नाव होय. सत्तेपेक्षा विद्या थोर, हे त्या नावातच आहे. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गेले की औरंगाबादचे नागसेनवन येते. ज्या गावाने त्यांना टांगा नाकारला, त्याच गावावरून जाणाऱ्या वाटेच्या वरच्या टोकाला त्यांनी आपल्या मुलांसाठी महाविद्यालय उभारले.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षी मात्र त्यांच्या मनात एक खंत होती. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील भाषणात त्यांनी ती उघड केली. शिकलेली मुले समाजाकडे परत येतील, ही त्यांची अपेक्षा होती आणि ती बहुतांशी आपापले पोट भरण्यात गुंतली, याचे दुःख त्यांना झाले होते. शिष्यवृत्ती घेणारे वाढले, देणारे वाढले नाहीत, असा त्या खंतीचा अर्थ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, असे सांगितले. ऐकणाऱ्यांत बहुसंख्य शेतमजूर, गिरणी कामगार आणि झाडूवाले होते. ज्यांना आजवर जगाने फक्त घेणारे मानले त्यांना बाबासाहेबांनी दाते होण्यास सांगितले. दान ही दहा पारमितांपैकी पहिली पारमिता आहे आणि तिला श्रीमंतीची अट नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी मागे ठेवलेला वारसा म्हणजे महाविद्यालये, वसतिगृहे, ग्रंथ आणि हा विसावा हिस्सा.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शाळेच्या कोठीत येणारी धान्याची पोती, भिंतीवर नाव न लिहिता दिलेली कपाटे आणि वसतिगृहाच्या खाटा यांमागे तोच विसावा हिस्सा आहे. तो देणाऱ्यांत एस. टी. चे वाहक आहेत, परिचारिका आहेत, प्राथमिक शिक्षक आहेत आणि केळीच्या बागांत रोजंदारीने राबणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांचे घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनीही घेतले. बहिणीच्या दागिन्यावर घेतले, महाराजांच्या करारावर घेतले, मित्राच्या विश्वासावर घेतले. आपल्याला नोकरी लागेल त्या महिन्यापासून आपला विसावा हिस्सा कोणत्या मुलाच्या पुस्तकासाठी जाणार आहे, हे मात्र आजच ठरवून ठेवावे.